आईला पुन्हा व्हिएतनामला जायचंय

१२ जुलै २०२५, शनिवार

आईला पुन्हा व्हिएतनामला जायचंय. तिसऱ्यांदा!

सकाळी पोहे खाता खाता म्हणाली, "दिवाळी झाली की जाती म्हंते." कुठे, विचारलं तर हातानं लांबचं काहीतरी दाखवलं. "तितंच की." जसं काही तासगावला निघालीय!

पहिल्यांदा मीच पाठवलं होतं, गेल्या वर्षी फेब्रुवारीत. संयोगिता माझी कॉलेजातली मैत्रीण, ती सांगलीतून ज्येष्ठांच्या सहली नेते. तिच्याबरोबर. कुंडलच्या पलीकडच्या आमच्या गावाची दहा वर्षं सरपंच असलेली बाई, अडुसष्ट वर्षांची — म्हटलं, जग बघू दे. आली ती येडी होऊनच. यंदा जानेवारीत पुन्हा तोच देश, तेच गाव, तेच हॉटेल. आणि आता परत!

म्हटलं, सिंगापूर बघ. दुबई बघ. "नगं. तितंच." का पण? "तितं कुणी काय इचारत न्हाई."

विचारण्यासारखं आहे तरी काय?

मी वीस वर्षं भूगोल शिकवतेय आणि देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे हा मत्सर आहे का? असेल थोडा. पण तेवढाच नाही.

१९ जुलै

आई जूनपासून आमच्याकडे आहे. निमित्त गुडघ्याचं. डॉक्टरांनी एकदा बघितला गुडघा, गोळ्या दिल्या, संपलं. पण ही गावी जायचं नाव काढत नाही. एरवी चार दिवसांत हिचा जीव कासावीस व्हायचा — "तुमच्या फ्लॅटात माणूस माणसाशी बोलत न्हाई गं." आता तेच आवडतंय म्हणे.

आज गावाकडच्या दोघी दवाखान्याच्या कामाला सांगलीत आल्या होत्या, तिला भेटायला घरी आल्या. आई पंधरा मिनिटं बसली आणि न्हाणीघरात गेली ती येईचना. पाण्याचा आवाजही नाही. त्यातली एक मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सरपंचीणबाई इमानात बसून आल्या, आता गरिबासंगं बोलत्यात व्हय!" आई बाहेर आल्यावर तिनं तेच तोंडावर म्हटलं. आई नुसती हसली. हिच्या जिभेला तलाठी घाबरायचा! कुणाचा टोमणा हिनं व्याजासकट परत केला नाही, असं मला आठवत नाही.

काहीतरी लपवतेय.

२६ जुलै

दुपारी खोलीचं दार लावून व्हिडिओ कॉल. पंचवीस मिनिटं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, दाराशी उभी राहिले. (हो, उभी राहिले. लिहायचं तर खरं लिहावं.) आतून बोलण्याचा आवाज नाही. अक्षर नाही! मधूनच टक्, टक्. मग आई हसल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा टक्.

तव्यावरची चपाती करपली.

बाहेर आली तेव्हा हातात सोललेल्या शेंगांचं ताट. चेहरा कसा उजळलेला. "कुणाशी बोलत होतीस?" "बोलत कुटं हुते?" म्हणाली. तेही खरंच. खरं बोलून फसवणं — राजकारणात दहा वर्षं काढलीत तिनं.

३ ऑगस्ट

संयोगिताचा फोन आला होता, दिवाळीनंतरच्या तारखा सांगायला. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न — "ते येणार हायत का?" कोण ते? संयोगितालाही कळेना. "ते गं... आपले हे. मिशावाले."

आपले हे!

आमच्याकडे बाई कुणाचं नाव घेत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. लग्नानंतर मी रविराजला नावानं हाक मारली तर आई सहा महिने माझ्याशी धड बोलली नव्हती. वडिलांचं नाव तिनं रेशनकार्डाच्या कामातसुद्धा घेतलं नाही, बोट ठेवून दाखवायची.

संध्याकाळी संयोगिताला गुपचूप विचारलं. मिशावाले म्हणजे आप्पासो. साताऱ्याचे, रिटायर्ड सुभेदार. पत्नी वारलेली. दोन्ही सहलींना होते.

दोन्ही!

४ ऑगस्ट

अकरावीच्या मुलांना आज मेकाँगचा त्रिभुज प्रदेश शिकवला. आवाज उगाच चढला माझा.

१६ ऑगस्ट

धाकट्या भावाचा, वीरधवलचा फोन. काल झेंडावंदनाला तो आईला गावी घेऊन गेला होता. माजी सरपंच म्हणून स्टेजवर खुर्ची, हार, सगळं. माईक हातात दिला. आई उभी राहिली, माईककडे बघितलं, म्हणाली, "झेंडा फडकला. लय झालं." आणि बसली. एका दमात चाळीस मिनिटं बोलणारी बाई! पोरं हसली म्हणे.

"ताई, खरं सांग," वीरू म्हणाला, "म्हातारी लग्न-बिग्न करतीया काय गं? गावात कुजबूज हाय. त्या सातारच्या मिलिटरीवाल्याचं कुणीतरी फोटो बघितल्यात ग्रुपवर. आमी तोंड कुटं दाखवायचं?"

मी त्याला झापलं. म्हटलं, तिचं आयुष्य आहे, वडील गेल्यापासून सतरा वर्षं एकटी राहिलीय, केलं तर केलं. फोन ठेवल्यावर स्वतःला विचारलं, एवढी मोठ्या मनाची आहेस, तर दाराशी कान लावून का उभी राहतेस?

उत्तर सापडलं, ते लाजिरवाणं आहे. लग्नाचं मला काही नाही. मला सांगितलं नाही, याचं आहे. माझ्याशी ती सगळं बोलायची. शेजारणीचं, वीरूच्या बायकोचं, ग्रामसेवकाचं. आता स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहते. काहीतरी सांगायला आल्यासारखी. मी बघते तिच्याकडे, ती म्हणते, "काय न्हाई," आणि परत जाते.

अपराधी माणूस असाच कबुलीच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो.

३० ऑगस्ट

आज केलं ते लिहायला हात धजत नाही. आई खाली सोसायटीतल्या गणपतीच्या आरतीला गेली होती. फोन घरी. मी उघडला.

एक अनोळखी निळं ॲप. त्यात एकच नाव, इंग्रजी अक्षरांत — लान. चेहरा नाही, कमळाचं चित्र. एकेचाळीस कॉल. बाई की पुरुष, काही कळायला मार्ग नाही. सुभेदार कमळामागे लपणार नाहीत कशावरून?

आणि निरोपांत शब्दच नाहीत. एकही नाही! नुसते फोटो. आईनं पाठवलेले — भाकरीचं ताट, बाल्कनीतला कढीपत्ता, माझी पाठ (भांडी घासताना!). तिकडून आलेले — पावसात भिजलेला रस्ता, उसाच्या रसाचा गाडा, लाल प्लास्टिकचं बुटकं स्टूल.

एका फोटोत आई आहे. त्याच बुटक्या स्टुलावर, पदर खोचून, सुरीनं ऊस तासतेय. आणि हसतेय, दात दिसेपर्यंत. घरच्या दहा एकर उसाला हात लावताना मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही.

हा फोटो काढला कुणी?

६ सप्टेंबर

आईचा पासपोर्ट तिच्या पिशवीतून काढून कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवला. किल्ली माझ्याकडे. तिनं विचारलं तर व्हिसासाठी लागतोय म्हणून सांगायचं, असं ठरवलं होतं. तिनं विचारलंच नाही. पिशवी दोनदा उघडून बघितली, माझ्याकडे बघितलं, बंद केली.

परीक्षेत चिठ्ठी सापडली तर मी मुलांना काय काय बोलते! काळजीपोटी केली तरी चोरी ती चोरीच. पण काळजीच आहे ना ही? आज तरी मला नक्की सांगता येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

साताऱ्याला जाऊन आले. घरी सांगितलं, पेपर तपासणीची मीटिंग.

शाहूपुरीत छोटं घर. मिशा खरंच भरघोस. मी कोण ते सांगितल्यावर आप्पासो ताडकन उभेच राहिले. "सरपंच मॅडमची लेक! या, या. मॅडम बऱ्या हायत ना?" सुनेला चहा टाकायला सांगितला. मी सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून आणली होती, एकही वेळेवर आलं नाही. शेवटी सरळच विचारलं, "तुमच्यात आणि आईत काय आहे?"

 बिचारे इतके मोठ्यानं हसले की सून बाहेर आली. "आवं ताई, मी तुमच्या आईला भितो! पहिल्या टूरला त्यांनी आख्खी बस हसवली. हॉटेलच्या मॅनेजरला चहा गार दिला म्हणून मराठीतनं असं झापलं, त्यो सॉरी सॉरी करत पळाला. आमच्या पलटणीच्या सीओ साहेबाला बी तसं जमलं नसतं."

आणि दुसऱ्या सहलीला?

चेहरा जरा उतरला त्यांचा. "दुसऱ्या टायमाला माझ्यावर रागावल्या हुत्या वाटतं. मी रोज सकाळी 'जय हिंद सरपंच मॅडम' म्हनायचो. त्या नुसतं हात जोडायच्या. आमी देऊळ बघायला, किल्ला बघायला, आन् ह्या त्या उसाच्या गाड्यावर. गाडेवाल्या बाईपाशी. दिवसभर! संयोगिता मॅडम न्यायला गेल्या तर उठंनात. माझं काय चुकलं असंल तर इचारा बरं का त्यास्नी. यंदा मी येत न्हाई, गुडघं ऐकत न्हाईत."

निघताना पाया पडले त्यांच्या. दुसरं काय करणार होते?

बसमध्ये एकटीच हसले, सुटल्यासारखी. कराड येईपर्यंत हसू संपलं. सुभेदार नाहीत — मग लान ही ती गाडेवाली बाई. परक्या देशातली रस्त्यावरची बाई एका म्हातारीला रोज कॉल कशासाठी करेल? आईकडून काय हवंय तिला? पेपरात कसल्या कसल्या बातम्या येतात.

एका निर्दोष माणसाच्या घरून निघून तीन तास झाले नाहीत, मला दुसरा आरोपी लागला. हेही लिहून ठेवते.

२७ सप्टेंबर

आज भांडण झालं. असं भांडण आमच्यात कधीच झालेलं नाही.

मी विचारलं, लान कोण?

"ती? ती... ती बाई. ते गं, ते पिळत्यात..." हातानं चाक फिरवून दाखवलं.

"मला माहितेय रसवाली आहे ती. तिचं तुझ्याकडे काय काम? काय बोलता रोज? आई, टाळाटाळ करू नकोस."

"माझं ते दे," आई एकदम ओरडली. "तू घेतलंयस. माझं... ते निळं! ते दे!"

"काय दे? नाव घे की. पासपोर्ट म्हण!"

वर्गातला आवाज लागला माझा. न आलेल्या उत्तरावर लागतो तो. आईचे ओठ हलले. मग ती खोलीत गेली आणि दार लावलं.

रविराज म्हणाला, "जरा जास्त झालं, क्रांती." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. साधा शब्द उच्चारायला तयार नाही, म्हणजे किती खोल पाणी असेल बघ.

२८ सप्टेंबर

आई जेवली नाही. मीही नाही.

४ ऑक्टोबर

रविराजच्या फोनवर भाषांतराचं ॲप घेतलं. मराठीत बोललं की त्यांच्या भाषेत ऐकवतं, त्यांचं मराठीत. उद्या रविवार. आई सकाळी गणपतीच्या देवळात जाते, फोन घरी ठेवून. त्या बाईला मीच कॉल लावणार. एकदाचा सोक्षमोक्ष.

५ ऑक्टोबर

पन्नाशीची बाई. मागे रसाचा गाडा. आईऐवजी मी दिसले तशी घाबरली.

विचारलं, तुम्ही दोघी काय बोलता? ॲपमधला आवाज एकसुरी मराठीत म्हणाला — "आम्ही बोलत नाही. ती तिचे काम करते, मी माझे." मग ती खूप वेळ बोलली. आवाज पुन्हा आला — "पहिल्या वर्षी तुमची आई खूप बोलत होती. मला एकही शब्द समजला नाही, मी हसत होते. दुसऱ्या वर्षी ती मध्येच थांबत होती. तोंड शब्द शोधत होते. माझ्या आईला असेच झाले होते. तुमच्या आईला वाटते इथे कोणाला समजत नाही, कारण ती परदेशी आहे. मी समजले नाही असे दाखवते. डॉक्टर काय म्हणाले?"

पासपोर्ट उद्या आणते.

रविराजनं मिरजेतल्या मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. कधीपासून आणि काय काय होतंय, ते लिहून आणा म्हणाले. मी कोरा कागद घेऊन बसले, आणि मग ही वही पहिल्या पानापासून वाचली.

सगळं लिहिलेलं आहे. तारखांसकट.