माझा आवाज, तिचे ओठ

पॅरिस, ४ फेब्रुवारी १९५६
निर्माते बर्तेलोंनी बोलावलं. दोन वर्षं घरी बसलेय, तरी निळा कोट चढवून अशा थाटात गेले, जणू तीन सिनेमे नाकारून आलेय. भूमिका नाहीच! आवाज हवाय.
"सोलांजबाई, पोरगी दिसायला चांदणी आहे हो. तोंड उघडलं की पंचाईत."
पोरगी म्हणजे मिरेय. एकोणीस वर्षांची, मार्सेयची. आवाज थेट मासळीबाजारातला. सिनेमाभर ती ओठ हलवणार, बोलणार मी. नाव फक्त तिचं.
"पुढच्या सिनेमात तुम्हाला पडद्यावर आणतो. शब्द देतो."
शब्द द्यायला यांचं काय जातं! हो म्हणून आले. परत पडद्यावर यायचंय मला. जीव तुटतो त्यासाठी. इथे लिहायला कसली लाज?

९ फेब्रुवारी
अंधारी खोली. पडद्याखाली संवादांची पट्टी सरकते, ती वाचत बोलायचं. चुंबन मिरेय घेते, उसासे मी टाकते. बेचाळिसाव्या वर्षी एवढं सुख पुष्कळ झालं.
ती मागे सिगरेट ओढत बसली होती. म्हणाली, "बाई, तुम्ही बोललात की मी शहाणी वाटते." अगदीच मूर्ख नाही म्हणायची.

२० एप्रिल
सिनेमा लागला. परीक्षक लिहितात, मिरेयचा आवाज म्हणजे मखमल. याच गृहस्थांनी माझ्या तरुणपणी हाच आवाज 'थंडगार' ठरवला होता.

२१ एप्रिल
पाववाली म्हणते, "बाई, त्या नव्या नटीची नक्कल झकास करता हं तुम्ही." पाव घेतला, घरी आले.

६ सप्टेंबर
बर्तेलोंनी शब्द पाळला. भूमिका मिळाली — मिरेयच्या आईची. शेवटी मायलेकींचं कडाक्याचं भांडण, कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर. आई तर आई! घरी येऊन आनंदाने रडले.

१४ नोव्हेंबर
भांडण एका दमात दिलं. मिरेय खरंच रडली. दिवेवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

१६ नोव्हेंबर
बर्तेलो टाय सैल करत म्हणाले, "बाई, जरा घोटाळा झालाय. मिरेयचा आवाज लोकांच्या कानात बसलाय, तो आता बदलता येत नाही. आणि मायलेकी एकाच आवाजात भांडणार कशा?"
म्हणून लेकीचं मी बोलायचं. आईसाठी जरा राठ, रापलेला आवाज शोधलाय त्यांनी. लांब जावं लागलं नाही.
मिरेयचा.

१७ नोव्हेंबर
बोलली माझ्या तोंडून. माझ्यापेक्षा चांगलं बोलली मेली.