दारावरची बेल

७ मार्च २०१७

कोर्टाचं पत्र आलं. लामॉन्ट बोइकिनची शिक्षा परत ठरवायचीय म्हणे. पप्पांना मारलं तेव्हा तो सोळाचा होता. एवढ्या लहान वयातल्यांना सरसकट मरेपर्यंत आत ठेवता येत नाही, असं आता ठरलंय. बावीस वर्षं झाली — सुटूही शकतो! स्वेटर चढवून पत्र परत वाचलं. जमीर विचारतो, "मम्मा, थंडी वाजते का?"

९ मार्च

आजी म्हणाली, "कोर्टात तू बोलायचंस. गाडीत तूच होतीस." मग तीच गोष्ट परत. पप्पा मला तिच्याकडे सोडायला आलेले, दारासमोरच त्या पोराने गाडी पळवायला गोळी घातली. आणि ही चार वर्षांची चिमुरडी स्वतः सीटचा पट्टा सोडून उतरली, पायऱ्या चढली, बेल वाजवली! दर वर्षी पप्पांच्या वाढदिवसाला सांगते. चर्चमध्ये पण. मी मान हलवते.

१४ मार्च

डबल ड्युटी. वृद्धाश्रमात माणसं कमी. पाय सुजलेत.

१८ मार्च

सरकारी वकीलबाई घरी आल्या. "समोर लेकरू दिसत होतं, तरी त्याला दया आली नाही, हे न्यायाधीशांना तुमच्या तोंडून ऐकू दे." आणि त्यांच्या वाढदिवसाला घालतो तो पप्पांच्या फोटोचा टी-शर्ट घालून कोर्टात येऊ नका म्हणे. आजी भडकली — "माझ्या पोराचं तोंडसुद्धा दाखवायचं नाही?"

मी हळूच विचारलं, सुटला तर माझा पत्ता लागेल का त्याला?

"म्हणून तर बोला," म्हणाल्या.

२६ मार्च, रविवार

आजीकडे गेलो. जमीरला पट्ट्याचं बटण दाबता येईना, मी सोडवलं. मग पळत पायऱ्या चढला, बेल वाजवायची हौस. टाचा उंच केल्या, उड्या मारल्या. तरी हात वीतभर खालीच! आजी दारात येऊन हसली, "अरे बुटक्या, तुझी आई एवढीच होती, वाजवली की नाही तिने?"

मला नाही हसू आलं.

त्या दिवशी माझ्या काखेत कुणाचे तरी हात होते, मला उचलणारे. थंडगार. हे मला कायम आठवतं. पण तेव्हा पोलिसाने विचारलं, स्वतः उतरलीस ना बाळा? आजीच बोलली — हो, माझी शूर पोर! मग मी पण हो म्हटलं.

२७ मार्च

खरं बोलले तर तो सुटेल. मग जमीरला घेऊन कुठे जाऊ? आणि आजी परत दारात तरी उभी करेल का? गप्प बसले तर तो तुरुंगातच मरेल. दमले मी.

३ एप्रिल

उद्या कोर्ट. निळा ब्लाउज इस्त्री केला. दोनदा.

४ एप्रिल

टक्कल पडलंय लामॉन्टला. चष्मा आहे. खालीच बघत होता.

वकीलबाई म्हणाल्या, "मग बेल तुम्ही वाजवलीत."

नाही म्हटलं.

न्यायाधीश पुढे वाकले. "मग कोणी?"

आजी समोरच बसलेली. मी बोट दाखवलं त्याच्याकडे.