मोनिका आणि सत्यम यांच्या वाट्याबाबत

मी, भागूबाई पुंजाराम औताडे, वय अडुसष्ट, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. साखर वाढली असली तरी बुद्धी शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मुकुंदवाडीचे दुमजली घर माझ्या शिलाईच्या कमाईचे आहे. जागा घेतली तेव्हा भोवती ज्वारी होती. आता अपार्टमेंट आहेत. वरचा मजला माझा मुलगा साहेबराव याला. खालचा मजला नात मोनिका हिला. तिची आई, म्हणजे माझी लेक, वारली आणि वडिलांनी दुसरा संसार मांडला, तेव्हापासून ती माझ्यापाशी आहे. ती सज्ञान होईपर्यंत माझी बहीण गीताबाई हिने तिच्यासोबत राहावे. तोवर घर बिल्डरला देऊ नये.

२. पुढील कलमांची कारणे लिहिणे भाग आहे. यंदा मार्चमध्ये गल्लीत टँकर आला. रेटारेटीत मोनिका हंड्यासकट चिखलात पडली, ड्रेस खांद्यापासून फाटला. साहेबरावचा मुलगा सत्यम, वय तेरा, याने वरच्या गॅलरीतून तिचा व्हिडिओ काढला, त्याला गाणे लावले आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या शाळेत फिरला. मोनिकाने शाळा सोडली, अन्न सोडले. मी वर जाऊन सांगितले, तर साहेबराव स्वतःच्या फोनमधून मान वर न करता म्हणाला, "पोरांची मस्करी हाय माय, लई मनावर घेऊ नको."

मग एका सकाळी मोनिका घरातून नाहीशी झाली. सापडली ती दौलताबादला, आमच्या अंजिराच्या शेतात. विहीर आटलेली, झाडे वाळत चाललेली. शेत राखणारा कडुबा तिच्याजवळ बसून होता. मी विचारले, "इथं कशाला आलीस गं?"

"इथं मला कुणी बघत नाय, आज्जी."

मी तिला धरून बसले. आता तिला समुपदेशक बाईंकडे नेते. ती हसूबोलू लागली म्हणून गीताबाईने ते जाणे बंद करू नये.

३. आम्ही घरी परतलो तेव्हा साहेबराव सत्यमला पट्ट्याने मारत होता. शाळेतून बोलावणे आले, तेव्हा कुठे त्याला लाज वाटली. पोराचा फोन फुटून पडला होता. मी मध्ये पडले. म्हटले, "घास गिळावा म्हणून रांगत्या पोराच्या हाती फोन कुणी दिला? तवा सोपं वाटलं व्हय?" पट्टा थांबला. त्या दिवसापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. न बोलो. त्याचा हात पोरावर पुन्हा उठू नये, एवढेच मागते.

४. दौलताबादचे शेत पतीने मला बक्षीसपत्राने दिलेले आहे. ते मोनिका आणि सत्यम यांना निम्मे निम्मे. नातलग म्हणतात, सत्यमला काही देऊ नको. पण तेरा वर्षांच्या पोराला तोडून टाकले तर तो सुधारणार कुठे?

५. साहेबरावने रोज एक वेळ सत्यमसोबत जेवावे, दोघांनीही फोन दूर ठेवून. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणाले. तरी लिहा म्हटले.

६. मोनिकाचा फोन "काळजीपोटी" कोणी काढून घेऊ नये. चूक तिची नव्हती, आणि तिच्या मैत्रिणी त्यातच आहेत.

७. शिलाई मशीन गीताबाईला.

८. परवा सत्यम मोनिकाला हंडा उचलू लागला. ती हंडा तिथेच सोडून आत गेली. तो माझ्यापाशी येऊन रडला. "आज्जी, तू सांग ना तिला, माफ कर म्हणून. तुझं ऐकंल ती." मी नाही म्हटले. पोर फार केविलवाणे दिसत होते, तरी नाही म्हटले.

ती माफी माझ्या मिळकतीत येत नाही. ती सर्वस्वी मोनिकाच्या मालकीची आहे. मागण्याचा हक्क सत्यमला राहील. द्यायची का, केव्हा द्यायची, हे मोनिका ठरवील. तिला कोणीही घाई करू नये.

हे मी वाचून घेतले, पटले, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

भागूबाई पुंजाराम औताडे

साक्षीदार:
कडुबा (डाव्या हाताचा अंगठा), दौलताबाद
सांडू, शेजारी, मुकुंदवाडी

छत्रपती संभाजीनगर, २३ मे २०२४