डबीची जागा नेटवर्कमध्ये

भिवंडी, शुक्रवार, नोव्हेंबर २००६

जिंकलो! बरं झालं, शुक्रवारच्या सुट्टीमुळे आसपासचे कापडाचे लूम बंद आहेत, नाहीतर त्या खडखडाटात माझी आरोळी घरातही कोणाला ऐकू गेली नसती.

आठवडाभर डोक्यात ती पांढरी डबीच. एक टोक कॉम्प्युटरच्या यूएसबीत, दुसऱ्या टोकाला नेटची वायर. तिला चालवणारा नवा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, कुठल्या फोल्डरात ठेवायचा? लिहिणाऱ्याने यूएसबीच्या फोल्डरात ठेवला आणि कर्नल लिहिणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवरच्या जुन्याजाणत्यांनी माना डोलावल्या. हरकत घेतली मी एकट्याने. मेल गेल्यावर दर पाच मिनिटांनी इनबॉक्स उघडून बघत होतो, खोटं कशाला बोलू? धामणकर नाक्यामागच्या खोलीत बसलेल्या मला विचारतो कोण?

पण लिहिलं ते खरंच होतं. आमच्याकडे लूम विजेवर चालतात, म्हणून कोणी ते वीज केंद्रात नेऊन बसवत नाही. डबी काम नेटवर्कचं करते. नेटवर्कवाल्यांनी उद्या काही बदललं, तर यूएसबीत पडलेल्या ड्रायव्हरची आठवण कोणाला राहणार?

आज कर्नल सांभाळणाऱ्या मुख्य माणसाचं उत्तर आलं: ‘बरोबर आहे. नेटवर्कमध्ये हलवा.’ चारदा वाचलं तरी पोट भरेना!

आईला सांगितलं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, “एवढी मोठी लोकं तुझं ऐकली? मंग आता तुझी ती डबी माज्या मसाल्याच्या फळीवरनं उचल. हितं तिचं काय काम हाय?”

हरकत बिनतोड होती. डबी मी कॉम्प्युटरशेजारी हलवली.