टेपखालची रेघ

४ जून
मिळाली एकदाची नोकरी! संग्रहालयात चित्रांची देखभाल. दिवसा पगार, उरलेल्या वेळात माझी चित्रं. नवरा म्हणाला, चला, आता स्वतःचे चौकोन सोडून लोकांचे चौकोन पुसायचे! शाळा सुरू होईपर्यंत माझी लेक चिमी इथेच येऊन बसेल. संचालकबाईंनी हसत परवानगी दिली. माझ्या आधी या जागेवर होते ते गृहस्थही माझ्यासारखेच भूमितीवाले, चौकोन-त्रिकोणांचे चित्रकार. त्यांचं मोठं चित्र तिसऱ्या दालनात आहे. एकात एक करडे चौकोन, हेवा वाटावा अशा स्वच्छ कडा.

६ जून
मधल्या चौकोनाच्या कडेला कागदी टेप तशीच राहिलीय. कडा सरळ यावी म्हणून आम्ही टेप लावून रंगवतो आणि लगेच सोलतो. हे तर शिंप्याने टाचणी विसरल्यासारखं झालं. हात शिवशिवले, ओढलीच. खाली दोऱ्याएवढी काळी रेघ. टेप फेकवेना, घरी माझ्या चित्रावर लावली, छान चिकटली. पहारेकरीकाकांचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, तुमच्या आधीचे साहेब तिथे रोज पट्टीवर नवी पट्टी लावायचे, काढताना कधी दिसले नाहीत.

१० जून
रेघ हातभर रुंद झालीय. संचालकबाई म्हणतात, चित्र पहिल्यापासून असंच आहे. चिमी त्याच्यासमोर मांडी घालून बसते. आत एक काकू आहेत, मला बोलावतात, म्हणते. मला हसू आलं नाही. घरी जाऊन माझ्या चित्रावरची ती टेप काढून टाकली. खाली काळी रेघ. मी काळा रंग वापरतच नाही.

१३ जून
काकांना खोदून विचारलं. आधी टाळाटाळ. मग म्हणाले, साहेबांची बायको रोज डबा घेऊन यायची, चित्रासमोर बसायची. एक दिवस बाकावर नुसता डबा होता. त्या दिवसापासून साहेब पट्ट्या लावायला लागले. उद्यापासून चिमीला इथे आणायचं नाही. घरीच राहू दे.

१४ जून, दुपार
नवऱ्याचा फोन. कौतुकाने सांगत होता, लेक किती शहाणी झालीय, तासभर तुझ्या चित्रासमोर गप्प बसलीय. मी ओरडले, उचल तिला आधी! तो म्हणाला, अगं, आत्ता तर इथेच—

घरी
माझं चित्र. निम्मं काळं. आत चिमी, पाठमोरी. शेजारी कोणीतरी बाई.
नवरा चित्राला हात लावून हाका मारतोय. चिमी वळत नाही.
रेघ वाढतेच आहे. टेप लावली तर थांबेल. साहेबांची थांबली होती. पण त्यांची बायको आतच—
टेप हातात आहे. लावली तर चिमी— नाही लावली तर—
नवऱ्याचा हात कोपरापर्यंत आत— मी त्याला धरते, आधी त्याला बाहेर—