अकरा वाजताची सावली

१३ जानेवारी
लेकीचं लग्न ठरलं. तेरा एप्रिल, सकाळी अकरा. साधं, उघड्यावर, कमी खर्चात, असं दोघांनीच ठरवलंय. नोंदणी अधिकारी तिथेच येणार, सह्या झाल्या की लग्न झालं. मी म्हटलं, व्यवस्था माझ्याकडे. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त साक्षीदार म्हणून पहिली सही करा, बाकी ताण घेऊ नका. मी ताण घेतच नाही. जेवणाआधी तीन नकाशे काढले.

१४ जानेवारी, स. ११
जुन्या ऑफिसमागचं मैदान साहेबांनी फुकट दिलं. बत्तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून जमिनी मोजल्या, त्याचं चीज झालं. तीन मजली भिंतीची सावली बरोबर तीस फूट. चुन्याच्या फक्कीने रेघ मारली. साठ खुर्च्या आरामात. मंडपवाल्याला कटवलं. लोक म्हणतात, लग्न पाहावं करून. मोजून करावं, एवढंच माझं म्हणणं.

२ फेब्रुवारी
ही म्हणते, एप्रिलमध्ये वर कापड लागेलच. हिला सगळ्यातलं कळतं. मेहुणाही तेच म्हणाला. तो विमा विकतो, त्याला जिकडेतिकडे धोकाच दिसतो.
उद्यापासून रोज पहाटे चालणे. कोट बसला पाहिजे.

३ फेब्रुवारी
चालणं सोमवारपासून.

११ मार्च
मैदानावर गेलो. सावली रेघेच्या बरीच आत. रेघ कोणीतरी पुढे सरकवली असणार. वॉचमनला झापलं. तो म्हणाला, साहेब, इथे मांजरसुद्धा फिरकत नाही. मला तो माणूस पहिल्यापासून पटत नाही. नवी रेघ मारली. खुर्च्या जरा दाटीने.

५ एप्रिल
सावली जेमतेम आठ फूट.
जानेवारीत सूर्य कललेला असतो आणि एप्रिलमध्ये डोक्यावर येतो, हे मला माहीत होतंच. गडबडीत निसटलं. मंडपवाल्याला गुपचूप फोन केला. तेरा तारखेला त्याच्याकडे एक बांबू शिल्लक नाही. घरात येरझाऱ्या घालतोय म्हणून ही ओरडली. लेकीने विचारलं, बाबा, सगळं ठीक ना. म्हटलं, फर्स्ट क्लास.

८ एप्रिल
प्लॅन बी. खुर्च्या एका जागी ठेवायच्याच कशाला? सावली सरकेल तशा सरकवायच्या. पाहुण्यांनाही नवीन वाटेल. लेकीने पुन्हा सहीची आठवण केली. म्हटलं, अगं, ते दोन मिनिटांचं काम.

१३ एप्रिल, स. ७
तयारी चोख. कोट बसत नाही, पण उन्हात कोट हवाच कशाला.

१३ एप्रिल, दु. ४
कार्यक्रम एकूण यशस्वी.
साडेदहाला सगळे सावलीत. पावणेअकराला कडेची रांग उन्हात आली, ती उठवून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मग तिच्या आतली. जावयाच्या आजीला खुर्चीसकट उचललं, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मधे तीनदा निरोप आला, चला, लेक थांबलीय. मी म्हटलं, आलोच, एवढी एक रांग.
टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. मला वाटलं, अधिकाऱ्यांचं भाषण असेल. जाऊन बघतो तो सह्या झालेल्या. अधिकाऱ्यांना बाराला दुसरीकडे पोहोचायचं होतं. साक्षीदार म्हणून पहिली सही मेहुण्याची. अक्षर गिचमिड.
हिने माझ्या हातांतल्या खुर्च्या काढून खाली ठेवल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.
निघताना लेकीने स्वतःच्या रुमालाने माझा घाम पुसला. म्हणाली, बाबा, कोणालाच ऊन लागलं नाही हं. मी म्हटलं, प्लॅनिंग.
गाडी गेली. खुर्च्या परत द्यायच्या होत्या, त्यातल्याच एकीवर बसलो आणि खूप रडलो. माझ्या लेकीचं लग्न झालं, माझ्यापासून पंधरा पावलांवर, आणि मी ते पाहिलं नाही.