हौदा की सात आसने

२ नोव्हेंबर

जुनी जीप आज गेली. घेणाऱ्याने दोरीने ओढत नेली. राजपुऱ्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा अर्ध्या गल्लीने ढकलली. निरोप बरा झाला.

जेवताना लगेच नव्या वाहनाचा विषय. अविनाशला पिकअप हवी: आत पाच माणसे, मागे माल भरायला हौदा. सूनबाईंना, म्हणजे वैशालीला, सात आसनांची एसयूव्ही हवी. चिरंजीव मुद्दा सोडून बोलत होते, सूनबाई मुद्द्याला धरून पण फार वेळ. शेवटी मी सांगितले की निर्णय माझ्यावर सोपवा, पंधरा दिवसांत देतो. चौतीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले. दोन पर्यायांतून योग्य तो निवडणे मला अवघड नाही.

सौ. एवढेच म्हणाली, की कढीत मीठ कमी आहे.

३ नोव्हें.

निकष ठरवला. एकच. सौ.ला जसोंडीच्या शेतावर जाता आले पाहिजे, तेही कोणी उचलून न चढवता. बाकी सर्व मुद्दे गौण.

गेल्या वर्षी तिच्या खुब्याचा सांधा बदलला. तेव्हापासून ती शेतावर गेलेली नाही. जीपच्या पायदानापर्यंत पाय पोहोचेना. इकडे केळीची कापणी चालू आहे. घड उतरलेल्या खोडाच्या बुडाशी चार-पाच पिले, म्हणजे नवे कोंब, उभी असतात. त्यांतले एक राखायचे, उरलेली काढायची. राखलेल्यावर पुढच्या वर्षाचे पीक. ही निवड आमच्या घरात लग्न झाल्यापासून सौ. करते. गेल्या साली मजुरांनी केली, आणि यंदाचे घड एक हत्तीएवढा, एक मांजरीएवढा. महिनाअखेरपर्यंत निवड झाली नाही तर पिले एकमेकांचेच अन्न खातील.

ती या वर्षी जाणारच म्हणते. म्हणजे वाहन तोवर दारात हवे.

५ नोव्हें.

टेप घेऊन दोन्ही दुकानांत जाऊन आलो. घरची पायरी सात इंच. एसयूव्हीचे पायदान सोळा, पिकअपचे एकवीस. आसन मात्र उंचच हवे, असे डॉक्टरांचे सांगणे आहे. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर येता कामा नये. म्हणून लहान मोटारी आपोआप बाद.

विक्रेता म्हणाला, "सर, एकदा गाडीचा फील घ्या." मी म्हणालो, फील घेत नसतात, बसून पाहतात. बसून पाहिले. माणूस सभ्य. टेपचे दुसरे टोक त्याने न कंटाळता धरले.

मोठा कागद घेऊन तक्ता आखला. उभे रकाने दोन, आडवे अकरा. सौ.चा रकाना पहिला आणि लाल शाईत.

७ नोव्हें.

आज दोन्ही पक्ष ऐकून घेतले.

अवि.चे म्हणणे: ठिबकच्या नळ्या, खत, कापूस, पंपाची मोटर, सगळे दर वेळी दुसऱ्याच्या गाडीत. "नाना, पिकअपच सही राहील. एसयूव्ही घेऊन काय खाली-पिली हवा खायची?" या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे बरेच आहे, मी आता करत नाही.

वै.चे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे. हौदा असलेली गाडी घराची राहत नाही, गावाची होते. कोणाच्या मुलीचे रुखवत, कोणाची आजारी म्हैस, कोणाचा मंडप. नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. "बाबा, रविवारी मला आईंना फिरवायचं असेल, तेव्हा गाडीत म्हैस असेल."

अवि. म्हणाला, मग म्हशीलाही फिरवू. सूनबाई उठून गेल्या.

११ नोव्हें.

पिकअपची परीक्षा. जसोंडीचे शेजारी रामदास पाटील यांनी त्यांची चार दारांची पिकअप दिवसभर दिली. सकाळी साडेआठला दारात. सौ. सुती लुगडे नेसून, काठी घेऊन तयार.

ती पायरीपाशी पोहोचते न पोहोचते, तोच समोरचे जोशी आले. गाडी घेतलीत का, छान केलेत. इतवाऱ्याच्या बाजारात एक कपाट घेऊन ठेवले आहे, आणायचे राहिले आहे. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले.

सौ.ने दांडी धरली. पाय उचलला. एकवीस इंचांपर्यंत तो आला नाही. दुसऱ्यांदा, आला नाही. अवि. मागून तिला उचलायला गेला, तेव्हा ती वळली.

"हात लावू नको. मी काय युरियाची गोणी आहे?"

घरात निघून गेली. काठी ओट्यावरच राहिली.

फलश्रुती: जोशींचे कपाट आले.

१४ नोव्हें.

एसयूव्हीची परीक्षा. खंडव्याहून जावईबापूंनी आपली गाडी दोन दिवसांसाठी पाठवली. आत फिक्या रंगाची गादी, नवी. मेधाने फोनवर आपल्या आईला बसण्याची रीत सांगितली: गाडीकडे पाठ करायची, आधी बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. खाली पाट ठेवला. सौ. बसली. एकटी. गल्लीत कोणी टाळी वाजवली नाही, पण मी मनात...

जसोंडीपर्यंत उत्तम. शेताच्या वाटेवर मात्र कोणाचा तरी पाण्याचा पाट फुटलेला, काळी माती लोण्यासारखी झालेली. अवि.ने गाडी डांबरी रस्त्यावरच उभी केली. स्वतःची असती तर घातली असती, म्हणाला. जावयाची गाडी चिखलात घालणार नाही. त्याचे बरोबर होते.

सौ. काचेतून बाग पाहत राहिली. दोन शेतांपलीकडे, केळीच्या पानांची वरची टोके फक्त. अवि. चालत आत गेला, खोडाखोडाच्या बुडाशी मोबाइल धरून छायाचित्रे काढून आणली. तिने तीन पाहिली आणि परत दिली.

"फोटोत पील कुठं कळतं रे? हलवून बघावं लागतं."



मागून आणलेली गाडी आपल्याकडे रिकामी परत करत नाहीत. त्याप्रमाणे सकाळी कापलेला घड मी निवडला, मागच्या आसनावर वर्तमानपत्रे अंथरून त्यावर ठेववला, आणि चालकाबरोबर गाडी खंडव्याला रवाना केली.

१५ नोव्हें.

मेधाचा फोन. केळीचा चीक वर्तमानपत्रातून उतरून गादीत गेला आहे. काळपट डाग, हातभर लांब. लिंबू, सोडा, रॉकेल, तिने सर्व करून पाहिले. चिकाचा डाग जात नाही, हे तापीच्या काठी शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असते. घड देठ वर करून दुपारभर निथळू द्यायचा, मग उचलायचा. मी केळीच्या बागेत वाढलो, आणि घाईत घड आडवा घातला.

जावईबापूंना मी स्वतः फोन केला. चूक माझी आहे आणि गादी बदलण्याचा भार माझ्यावर, असे पूर्ण वाक्यांत सांगितले. ते म्हणाले, "नाना, डाग माहेरचा आहे. मेधा तो बदलू देणार नाही." आणि हसले. मोठ्या मनाचा माणूस. क्रियापदेही नीट वापरतात.

अवि.ने जेवताना एकच शब्द उच्चारला: "हौदा." वै.ने त्याला वाढायचे थांबवले.

तक्त्यात बारावा आडवा रकाना वाढवला. चीक.

१८ नोव्हें.

निकाल दिला. पिकअप, आणि तिला डाव्या दाराशी घडीची लोखंडी पायरी बसवून घ्यायची. इतवाऱ्यातल्या कारागिराला आकृती काढून दिली. तो चार आठवडे म्हणतो. वाटेवर चिखल, घडाला चीक, शेतात माल: तर्क निर्दोष आहे. सर्वांसमोर तक्ता वाचून दाखवला, अर्धा तास.

वै.ने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "बाबा, सगळं पटलं. आईंना विचारलंत?"

लाल शाईचा रकाना मी दाखवला. ती म्हणाली, त्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना विचारलंय का?

विचारले नव्हते. हे येथे नोंदवतो.

१९ नोव्हें.

विचारले. सौ. तांदूळ निवडत होती.

म्हणाली, चार आठवड्यांनी पायरी आली तर पिले माझ्या डोक्यापर्यंत वाढतील. तुम्ही गाडी सावकाश पाहा. मला परवा जायचं आहे.

मी विचारले, कशात. म्हणाली, रामदासच्याच पिकअपमध्ये. मी म्हणालो, पाय चढत नाही हे सिद्ध झाले आहे. त्यावर तिने सुपातले खडे काढणारी बोटे न थांबवता सांगितले की आत कोण चढतंय. मी हौद्यात बसणार. आपला ओटा हौद्याएवढाच उंच आहे. गाडी मागे घेऊन ओट्याला लावायची, मी सरळ चालत जाईन. शेतावर बांधाला ट्रक लावून घड भरतात ना? घड चढतात तिथूनच मी उतरेन.

मी टेप घेऊन ओटा मोजला. हौद्याची उंची रामदासांना फोनवर विचारली. दीड इंचाचा फरक.

दोन आठवडे मी गाडीची उंची मोजत होतो. घराची मोजली नव्हती.

२१ नोव्हें.

गेलो.

पिकअप ओट्याला लावली, मधल्या फटीवर पाट टाकला. सौ. काठी टेकत, जिना न उतरता, पायरी न चढता, ओट्यावरून हौद्यात चालत गेली. तिथे हातांची खुर्ची ठेवलेली, तिला चारही बाजूंनी दोर बांधलेला. मी शेजारी गोणपाटाच्या घडीवर. माल नेण्याच्या हौद्यात माणसे बसवणे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचे समर्थन करत नाही. अवि.ने बैलगाडीच्या वेगाने चालवली.

राजपुऱ्यातून जाताना माझे दोन जुने विद्यार्थी दिसले. दोघांनी वाकून नमस्कार केला. मी हौद्यातून आशीर्वाद दिला. जोशी ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, मिरवणूक कसली?" सौ. म्हणाली, तुमच्या कपाटाची राहिली होती ती.

शेताची वाट वाळलेली. गाडी बांधाला लागली, ती बांधावर चालत आली, आणि पहिल्या ओळीपाशी उभी राहून तिने सगळी बाग नजरेखालून घातली. मग कामाला लागली. वाकायचे नाही, म्हणून काठीच्या टोकाने एकेक पील हलवून पाहायची. तलवारीसारख्या अरुंद पानांचे हवे, रुंद पानांचे नको. मुळाशी घट्ट हवे. "हे ठेव. ही दोन काढ. अरे ते नाही, त्याच्या मागचं." अवि. विळा घेऊन मागोमाग, एकही हिंदी शब्द न वापरता. एक पील मी सुचवले. तिने हलवून पाहिले आणि काढायला सांगितले.

दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. अकरा उरल्या.

घरी येताना ती खुर्चीत झोपली. अवि.ने वेग आणखी कमी केला.

२२ नोव्हें.

सौ.चा पाय थोडा सुजला आहे. डॉक्टर म्हणाले चालण्याने नव्हे, बसण्याने. मधे उठून उभे राहायचे. पुन्हा जायला हरकत नाही. पुन्हा गुरुवारी.

वै.ने आज स्वतः विषय काढला. हौद्यातून शेतावर गेलात, ठीक. जानेवारीत जळगावला सांध्याच्या तपासणीला आईंना हौद्यातून नेणार का? मुद्दा बरोबर आहे, असे मी सांगितले. १८ तारखेचा निकाल मागे घेतो, असेही सांगितले. निकाल मागे घेणे मला प्रथमच करावे लागते आहे. वाटले होते तितके कठीण नाही.

इतवाऱ्याच्या कारागिराला निरोप: पायरीचे काम थांबवा.

२३ नोव्हें.

दोन्ही दुकानांतून फोन. एक म्हणतो पिकअप तयार उभी आहे, दुसरा म्हणतो पांढरी एसयूव्ही या आठवड्यातच मिळेल. दोघांना सांगितले की अजून विचार चालू आहे, आणि तो योग्य दिशेने चालू आहे. हे खरे आहे.

सायंकाळी तक्ता सौ.समोर ठेवला. म्हटले, या वेळी तूच भर. तिने चष्मा लावून सगळा वाचला, बाराही आडव्या ओळी. मुलाचा माल, सुनेचा रविवार, मेधाचे येणे-जाणे, स्वतःचा खुबा. मग विचारले, यात तुम्ही कुठं आहात?

मी म्हणालो, मला काय, मी कशातही बसतो.

ती चष्मा पुसत राहिली. मग तिने सांगितले की परवा हौद्यातून उतरताना मी दोन्ही वेळा दोर धरला, बांधावर आणि घरी ओट्यावर. दुसऱ्यांदा तोंडाने श्वास घेत उभा होतो, आणि तेव्हा ती खुर्चीत झोपलेली नव्हती. डावा गुडघा दिवाळीपासून घसरतो, हेही तिला माहीत आहे. मी ते कोणाला सांगितलेले नाही. येथेही लिहिले नव्हते.

मी विषय बदलण्याचा प्रयत्न केला. रामदास गुरुवारी गाडी देणार आहेत, साडेआठ वाजता, असे म्हणालो.

"येऊ दे," ती म्हणाली. "या खेपेला ओट्यावरून नाही. दारातून आधी तुम्ही चढायचं. मी उभी राहून बघते."